अनोळखी प्राणी कोणत्या गटातला, हे कसे ओळखावे?

आजवर सुमारे १५ लाख प्राणिजातींचे शास्त्रीय वर्णन झाले असून त्यांतल्या साधारण १० लाख जाती एकट्या कीटकांच्या आहेत. एवढ्या पसाऱ्यात नवख्या अभ्यासकाने नावे पाठ करण्यापासून सुरुवात केली, तर उत्साह लवकरच ओसरतो. सुदैवाने ही सगळी विविधता तीसेक मोठ्या गटांत, म्हणजे संघांत, सामावते, आणि त्यांपैकी नऊ-दहा संघ ओळखता आले, तरी नेहमी पाहण्यात येणारा जवळजवळ प्रत्येक प्राणी योग्य गटात बसवता येतो. त्यासाठी गटांच्या याद्यांपेक्षा प्रश्नांचा क्रम पक्का होणे अधिक गरजेचे आहे, असे माझे ठाम मत आहे. योग्य प्रश्न योग्य क्रमाने विचारले, तर कधीही न पाहिलेल्या प्राण्याविषयीसुद्धा बरेच काही सांगता येते.

सुरुवातीलाच एक पथ्य सांगून ठेवतो. प्राणी कुठे राहतो, काय खातो आणि लांबून कसा दिसतो, या तीन गोष्टींवर गट ठरवू नये. एकसारखी जीवनपद्धती असलेल्या प्राण्यांची शरीरे, त्यांचे नाते दूरचे असले तरी, एकमेकांसारखी घडत जातात. शार्क, डॉल्फिन आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेला इक्थिओसॉर यांची बाह्यरेषा जवळपास सारखी आहे. पण पहिला मासा, दुसरा सस्तन आणि तिसरा सरीसृप आहे. आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या कार्ल लिनियसनेही १७३५ साली देवमाशांना माशांतच घातले होते. ‘सिस्टेमा नॅच्युरी’ या आपल्या ग्रंथाच्या १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीत त्याने त्यांना सस्तन प्राण्यांमध्ये हलवले, कारण तोपर्यंत शरीराच्या आतली रचना आणि पिल्लांचे पोषण यांना त्याने अधिक वजन दिले होते.

पहिली पायरी : नीट पाहा आणि लिहून ठेवा

गट ठरवण्याची घाई करण्याआधी प्राण्याची वरून, बाजूने आणि शक्य असेल तर खालून छायाचित्रे घ्यावीत. लहान प्राण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरेसे होते. पाय किती, ते शरीराच्या कोणत्या भागाला जोडलेले आहेत, डोक्यावर मिशा म्हणजेच शृंगिका आहेत का, त्वचा कोरडी आहे की ओलसर, शरीरावर खवले, केस, पिसे किंवा वलये आहेत का, एवढ्या गोष्टी टिपून ठेवल्या की पुढचे काम सोपे होते. प्राणी पकडण्याची गरज बहुधा पडत नाही. अनोळखी सापाला तर हात लावूच नये. जेलीफिश किनाऱ्यावर मरून पडली असली तरी तिच्या दंशपेशी काम करू शकतात, आणि शंकूच्या आकाराच्या काही सुंदर शंखांमधला जिवंत प्राणी विषारी दंश करतो.

दुसरी पायरी : तो प्राणीच आहे ना, आणि प्रौढ आहे ना?

प्राणीसृष्टीतले सजीव बहुपेशीय असतात, त्यांच्या पेशींना भित्तिका नसते आणि स्वतःचे अन्न तयार न करता ते दुसऱ्या सजीवांपासून अन्न मिळवतात. अमीबा आणि पॅरामेशियम यांना जुन्या पुस्तकांत प्राणी म्हटले जाई; ते एकपेशीय असल्याने आता त्यांची गणना प्राण्यांत होत नाही. उलट स्पंज आणि प्रवाळ एका जागी चिकटून राहत असले, तरी ते निःसंशय प्राणी आहेत.

प्रौढावस्थेचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच विसरला जातो. सुरवंट हा कृमी नाही. तो फुलपाखराची अथवा पतंगाची अळी आहे. डोक्यामागे सांधे असलेल्या पायांच्या तीन जोड्या आणि त्यामागे मांसल, आखूड उपपाद अशी त्याची ठेवण भिंगातून स्पष्ट दिसते. कधीकधी तर प्रौढापेक्षा अळीच अधिक खरे सांगते. समुद्रातल्या खडकांना आणि जहाजांच्या तळांना चिकटणाऱ्या बार्नॅकलला त्याच्या कठीण कवचामुळे शिंपल्यांच्या गटात ठेवले जात असे. जॉन वॉन थॉम्पसन याने १८३० साली त्याची पोहणारी अळी अभ्यासली, तेव्हा ती खेकड्या-कोळंबीच्या आप्तांची निघाली, आणि बार्नॅकलचा संघच बदलावा लागला.

तिसरी पायरी : शरीराचे समान भाग पडतात का?

एखाद्या प्राण्याच्या शरीरातून मधोमध रेषा कल्पावी आणि दोन्ही बाजू सारख्या होतात का, ते पाहावे. एकाच विशिष्ट रेषेने डावा-उजवा असे दोन समान भाग पडत असतील, तर ती द्विपार्श्व सममिती. बहुसंख्य प्राणी असेच असतात. केंद्रातून जाणाऱ्या अनेक रेषांनी समान भाग पडत असतील, तर ती अरीय सममिती. कोणत्याच रेषेने समान भाग पडत नसतील, तर तो प्राणी असममित होय.

बहुतेक स्पंज या शेवटच्या प्रकारात येतात. त्यांच्या अंगावर असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी आत येते, अन्नकण गाळले जातात आणि मोठ्या छिद्रावाटे पाणी बाहेर पडते. त्यांना तोंड नाही, स्नायू नाहीत, चेतासंस्था नाही. हा रंध्रीय प्राण्यांचा संघ. जेलीफिश, समुद्रफूल, प्रवाळ आणि गोड्या पाण्यातला हायड्रा यांची सममिती अरीय असते, तोंडाभोवती शुंडके असतात आणि त्यांवर दंशपेशी असतात. हा निडारिया संघ. जुन्या क्रमिक पुस्तकांत तो सिलेंटराटा या नावाने भेटतो.

तारामासा मात्र इथे फसवतो. त्याचे पाच बाहू पाहून त्याला जेलीफिशच्या शेजारी बसवण्याचा मोह होतो, पण त्याची अळी द्विपार्श्व सममितीची असते आणि पंचअरीय रूप त्याला नंतर येते. त्वचेखाली चुन्याच्या तकटांचा सांगाडा आणि पाण्याच्या दाबावर चालणारे, टोकाशी चिकटणारे असंख्य नलिकापाद ही त्याची खरी खूण आहे. समुद्री अर्चिन आणि समुद्रकाकडी हेही याच कंटकचर्मी संघातले. समुद्रकाकडी आडवी पडलेली, लांबट असल्याने तिची पाच भागांची रचना चटकन जाणवत नाही. बऱ्याच जातींत अंगावरून लांबीच्या दिशेने जाणाऱ्या नलिकापादांच्या ओळी पाहिल्या की ती कळते. ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की, कंटकचर्मी प्राणी समुद्राबाहेर आढळत नाहीत. गोड्या पाण्यातला किंवा जमिनीवरचा प्राणी समोर असेल, तर हा संघ लगेच वगळावा.

चौथी पायरी : पाठीचा कणा आहे का?

प्राण्याला न उघडता कणा ओळखायचा, तर दोन खुणा उपयोगी पडतात. प्रौढावस्थेत पायांच्या दोनपेक्षा अधिक जोड्या असलेला कोणताही प्राणी पृष्ठवंशीय नसतो. दुसरे म्हणजे जबडा असलेल्या पृष्ठवंशीयांचा जबडा वर-खाली हलतो, तर कीटक, गोम, खेकडे यांसारख्यांचे जंभ आडवे, म्हणजे दोन बाजूंनी मिटतात.

शास्त्रीय दृष्ट्या मात्र कण्याहून मूलभूत गोष्ट पृष्ठरज्जू ही आहे. पाठीच्या बाजूने जाणारा हा लवचीक दांडा, त्याच्या वर असलेला पोकळ चेतारज्जू, घशाच्या भागातल्या फटी आणि गुदद्वाराच्या मागे जाणारी शेपटी, ही चार लक्षणे आयुष्याच्या कोणत्या तरी टप्प्यावर दिसली की तो प्राणी समपृष्ठरज्जू संघातला ठरतो. मानवी गर्भातही शेपटी काही काळ असते. समुद्रतळाला चिकटलेल्या, पाणी गाळून जगणाऱ्या ॲसिडियन नावाच्या पिशवीवजा प्राण्यात मोठेपणी यांतले फारसे काही उरत नाही, पण त्याची अळी बेडकाच्या पिल्लासारखी पोहते आणि तिच्या शेपटीत पृष्ठरज्जू असतो. रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर कोवालेव्हस्की याने १८६६ साली हे दाखवून दिले आणि त्या पिशवीचे नाते थेट आपल्याशी जुळले. मला तरी वर्गीकरणाच्या इतिहासात इतकी विलक्षण उकल दुसरी दिसत नाही.

इथे एक खुलासा करायला हवा. ‘अपृष्ठवंशीय’ हा बोलण्याच्या सोयीचा शब्द आहे, नात्याने बांधलेला गट नाही. एखादी गोष्ट नसणे ही नात्याची खूण होत नाही. गोगलगाय आणि झुरळ या दोघांना कणा नाही, एवढ्यावरून ते एकमेकांचे जवळचे आप्त ठरत नाहीत.

पाचवी पायरी : कणा नसेल, तर पाय पाहा

सांधे असलेले पाय आणि अंगावर कठीण आवरण असे दोन्ही दिसले, की संधिपाद संघ निश्चित. हे आवरण प्राण्याबरोबर वाढत नाही, म्हणून ठरावीक काळाने ते टाकून नवे घ्यावे लागते. यालाच कात टाकणे म्हणतात. प्राणीजगतातला हा सर्वांत मोठा संघ असल्यामुळे इथे जरा थांबून मोजणी करावी. पायांच्या तीन जोड्या, शृंगिकांची एक जोडी आणि डोके, वक्ष, उदर असे तीन भाग दिसले तर कीटक. पायांच्या चार जोड्या आणि शृंगिका मुळीच नसतील तर कोळी, विंचू, गोचीड यांचा अष्टपाद वर्ग. शृंगिकांच्या दोन जोड्या असतील तर खेकडा, कोळंबी यांचा कवचधारी गट. लांबट शरीर आणि पुष्कळ पाय असतील तर बहुपाद; त्यांतही प्रत्येक खंडाला पायांची एकच जोडी असेल तर गोम, आणि बहुतेक खंडांना दोन-दोन जोड्या असतील तर मिलिपीड, जिला पैसा किंवा वाणी असेही म्हणतात.

या मोजणीला अपवाद आहेत. गोचिडीच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला सहाच पाय असतात, पण शृंगिका नसल्याने ते कीटक नव्हे हे समजते. विंचवाच्या नांग्या पायांत मोजायच्या नसतात. कुंडीखाली सापडणारा, करड्या रंगाचा, सात जोड्या पाय असलेला वुडलाउस जमिनीवर राहूनही कवचधारीच आहे. म्हणून एका लक्षणावर निर्णय देऊ नये; निदान दोन स्वतंत्र लक्षणे एकाच दिशेला बोट दाखवतात का, ते पाहावे.

सांध्यांचे पाय नसतील आणि शरीर मऊ असेल, तर ते खंडांत विभागलेले आहे का, हा पुढचा प्रश्न. मऊ, खंडविरहित शरीर, स्नायूंचा पाद आणि अंतर्गत अवयवांवर प्रावार नावाचे त्वचेचे आवरण असेल, तर तो मृदुकाय संघ. कवच असलेच पाहिजे असे नाही. गोगलगाईला शंख असतो, शिंपल्याला दोन झडपा असतात, माकुलाचे कवच शरीराच्या आत पातळ पात्यासारखे उरलेले असते आणि बहुतेक ऑक्टोपसांत ते जवळजवळ नाहीसे झालेले असते. शिंपल्याला तर वेगळे डोकेही नसते.

उरलेल्या कृमिसदृश प्राण्यांचे तीन संघ नवख्याने ओळखावेत. शरीर फितीसारखे चपटे असेल आणि अन्न आत घेणे व मळ बाहेर टाकणे ही दोन्ही कामे एकाच छिद्रातून होत असतील, तर चपटे कृमी. परजीवी पट्टकृमीला तर अन्ननलिकाच नसते, तो यजमानाच्या आतड्यात पचलेले अन्न त्वचेतून शोषतो. शरीर दोऱ्यासारखे गोल, खंड नसलेले आणि दोन्ही टोकांना निमुळते असेल, तर गोलकृमी. पोटातले जंत यांतलेच. अंगावर स्पष्ट वलये असून शरीर आतूनही पडद्यांनी खंडांत विभागलेले असेल, तर वलयी प्राणी, म्हणजे गांडूळ, जळू आणि समुद्रातले नीरीस. जळवेच्या दोन्ही टोकांना चूषक असतात, त्यामुळे ती लगेच वेगळी काढता येते.

सहावी पायरी : कणा असेल, तर अंगावर काय आहे?

पृष्ठवंशीयांचे वर्ग ओळखताना त्वचेपासून सुरुवात करावी. पिसे फक्त पक्ष्यांना असतात. केस फक्त सस्तन प्राण्यांना असतात, आणि पिल्लांना दूध पाजणाऱ्या स्तनग्रंथीही त्यांनाच. पिल्ले जन्माला घालणे ही मात्र सस्तनांची खूण नव्हे: प्लॅटिपस आणि एकिड्ना अंडी घालतात आणि तरीही सस्तनच आहेत, तर अनेक साप व शार्क पिल्लांना जन्म देतात. खवले मांजराच्या अंगावर केरॅटिनचे खवले असतात, पण त्यांच्यामधून आणि पोटावर केस असतात. वटवाघळाचा पंख लांबलेल्या बोटांमध्ये ताणलेल्या त्वचेचा असतो, त्यावर पीस नसते. देवमाशाच्या अंगावर केस नावालाच असतात. तेव्हा शेपटी पाहावी. माशाची शेपटी उभी असते आणि डावीकडून उजवीकडे हलते, देवमाशाची व डॉल्फिनची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते.

कोरडी, खवल्यांनी झाकलेली त्वचा असेल आणि श्वसन आयुष्यभर फुप्फुसांनी होत असेल, तर सरीसृप: साप, सरडे, कासव, मगर. ओलसर, उघडी, खवले न दिसणारी त्वचा असेल, तर उभयचर. त्यांची अंडी कवचाविना असतात आणि बऱ्याच जातींची पिल्ले पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेतात. पर आणि कल्ले असतील तर मासे. त्यांतही कल्ल्यांच्या पाच ते सात फटी उघड्या दिसत असतील, तर शार्क-पाकट यांचा कास्थिमत्स्य गट, आणि फटींवर झाकण असेल तर अस्थिमत्स्य. लॅम्प्री आणि हॅगफिश यांना जबडाच नाही, म्हणून त्यांचा चक्रमुखी गट निराळा ठेवतात. शरीर उष्ण की शीत, या कसोटीवर फार भिस्त ठेवू नये, कारण ट्यूनासारखे काही मासे आपले स्नायू सभोवतालच्या पाण्यापेक्षा उष्ण ठेवतात.

सराव : लांबट आणि बिनपायाचे सहा प्राणी

वरच्या सगळ्या पायऱ्यांची परीक्षा पाहणारा सराव म्हणून ओल्या मातीत अथवा पाण्यात आढळणारे सहा प्राणी शेजारी-शेजारी कल्पून पाहावेत: गांडूळ, देवगांडूळ, वाळा साप, इतर साप, बिनपायाचा सरडा आणि वाम मासा. लांबून सहाही एकाच घडणीचे वाटतात, प्रत्यक्षात ते दोन संघांत आणि त्यांतल्या एका संघाच्या तीन वर्गांत विभागलेले आहेत.

गांडुळाला डोळे नाहीत, जबडा नाही, अंगावर स्पष्ट वलये आहेत, आणि प्रौढाच्या अंगावर पुढच्या भागात जाडसर पट्टा दिसतो. बोटावरून उलट्या दिशेने सरकवल्यास त्याचे बारीक दृढरोम खरखरीत लागतात. देवगांडुळाच्याही अंगावर वलये असतात, म्हणून गफलत होते. पण त्याला कणा आहे, दात असलेला जबडा आहे, आणि त्वचेखाली दबलेले बारीक डोळे आहेत. डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान एक इवलासा संवेदक असतो, तो अन्य कोणत्याही उभयचरात आढळत नाही. त्याची त्वचा ओलसर आहे, म्हणून तो उभयचर.

वाळा साप गांडुळासारखाच बारीक, काळपट आणि चकचकीत असतो, पण भिंगाखाली त्याच्या अंगावर एकमेकांवर चढलेले गुळगुळीत खवले दिसतात आणि वलये नसतात. बहुतेक सापांच्या पोटाखाली एकाच रांगेत रुंद खवले असतात. वाळ्याच्या पोटावरचे खवले मात्र पाठीवरच्या इतकेच लहान असतात, म्हणून पोटाच्या खवल्यांवरून साप ओळखण्याचा नियम इथे चालत नाही. बिनपायाचे बहुतेक सरडे पापण्या मिटतात आणि त्यांना कानाचे छिद्र असते. सापाला दोन्ही नसते. त्याच्या डोळ्यावर पारदर्शक खवला कायमचा असतो. शिवाय अशा सरड्याची शेपटी लांब आणि बऱ्याचदा तुटणारी असते. वाम माशाच्या डोक्यामागे कल्ल्यांची फट आणि पाठीवरून शेपटीला वळसा घालून पोटाकडे येणारा सलग पर दिसतो, तेवढ्यावर निकाल लागतो.

सातवी पायरी : खाली उतरत जा, पण पुराव्यापुरतेच

संघ आणि वर्ग ठरल्यावर गण, कुल, प्रजाती आणि जाती अशा क्रमाने उतरायचे असते. वाघाचे उदाहरण घेतले, तर संघ समपृष्ठरज्जू, वर्ग सस्तन, गण मांसभक्षी, कुल मार्जार, प्रजाती पॅन्थेरा आणि जाती पॅन्थेरा टायग्रिस. सिंह, बिबट्या आणि जग्वार याच प्रजातीत येतात, म्हणून त्यांच्या शास्त्रीय नावाचा पहिला भाग तोच असतो. द्विनाम पद्धतीची प्राण्यांसाठीची अधिकृत सुरुवात लिनियसच्या १७५८ सालच्या आवृत्तीपासून मानली जाते.

या टप्प्यावर जुने आणि नवे वर्गीकरण यांतला फरकही भेटतो. आता गट ठरवताना समान पूर्वज हा निकष आधी धरतात आणि डीएनएचा पुरावा त्यासाठी वापरतात. त्यानुसार मगरीचे पक्ष्यांशी असलेले नाते सरड्यांशी असलेल्या नात्यापेक्षा जवळचे आहे, म्हणजे पक्षी हे सरीसृपांच्याच शाखेत बसतात. कीटकांची शाखा कवचधारींच्या आतून फुटलेली आहे. आणि १९९७ साली मांडल्या गेलेल्या पुराव्यानंतर कात टाकणारे संधिपाद व गोलकृमी एकत्र आले, तर पूर्वी संधिपादांच्या शेजारी मानले जाणारे वलयी प्राणी मृदुकायांच्या जवळ गेले. क्रमिक पुस्तकांतले पाच-सहा वर्ग यामुळे निरुपयोगी होत नाहीत. प्रत्यक्ष ओळखीसाठी ते आजही सर्वांत सोयीचे आहेत. नात्याचा प्रश्न निघाला की वंशवृक्ष पाहावा.

नोंद लिहिताना ज्या पायरीपर्यंत लक्षणे स्पष्ट दिसली, तिथेच थांबावे आणि ती लक्षणेही सोबत लिहावीत. ‘संघ संधिपाद, वर्ग अष्टपाद, पायांच्या चार जोड्या, शृंगिका नाहीत, कुल ठरले नाही’ ही नोंद पूर्ण आणि उपयुक्त आहे. पुढे चांगले छायाचित्र हाती आले किंवा जाणकाराने पाहिले, तर तिच्यात कुलाचे नाव भरता येते. अंदाजाने लिहिलेले जातीचे नाव मात्र नंतर कुणाला तपासताही येत नाही.